दगडी अवजारांचे त्रिमितीय मॉडेल करताना या चुका टाळा

अलास्कातील क्विनहागक या युपिक (तेथील मूळनिवासी) लोकांच्या गावाजवळच्या नुनालेक या युरोपीय संपर्कापूर्वीच्या वसतिस्थानाचा किनारा बेरिंग समुद्र गिळत चालला, म्हणून तेथे २००९ पासून उत्खनन झाले आणि सापडलेल्या एक लाखाहून अधिक वस्तूंसाठी २०१८ मध्ये गावातच संग्रहालय उघडले. अशा संग्रहातील ‘उलुआक’, म्हणजे स्त्रियांच्या अर्धगोलाकार सुरीचे पाते, आपल्या शाळेच्या पाटीच्याच जातीच्या दगडाचे असते. अनेक फोटो सॉफ्टवेअरने जोडून त्याचे मॉडेल करताना बहुतेक चुका धारेपाशी होतात.

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे पाते आडवे ठेवून आधी एका बाजूचे आणि मग दुसऱ्या बाजूचे फोटो काढणे. दोन्ही संचांत समान दिसणारा भाग जेमतेम धारेपुरता उरतो, सॉफ्टवेअरला सांधा सापडत नाही आणि एकावर एक ठेवलेल्या दोन भाकऱ्यांसारखे, मध्ये फट असलेले मॉडेल तयार होते. पाते फोमच्या चिरेत कडेवर उभे करून चहूबाजूंनी फोटोंची सलग फेरी घ्यावी. एरवी दहा अंशांवर एक फोटो चालतो, पण कड समोर येऊ लागली की तीन-चार अंशांवर घ्यावा. नंतर पाते उलटे उभे करून फोमात झाकलेला भाग टिपावा. आधारासाठी तेलकट पुट्टी मुळीच नको, कारण तिचा डाग राहतो आणि धारेवर उरलेल्या चरबीच्या प्राचीन अंशांची तपासणी बिघडते.

फिरत्या तबकडीवर काम करताना मागची भिंत दिसत राहिली, तर सॉफ्टवेअर स्थिर भिंतीवरूनच कॅमेऱ्याची जागा ठरवते आणि पाते फिरल्याचे त्याला कळत नाही; म्हणून पार्श्वभूमी काळी, कोरी ठेवावी. चकमकीच्या दगडावरील चमक प्रत्येक फोटोत जागा बदलते. तिच्यावर पावडरचा फवारा मारण्यापेक्षा दिवे आणि लेन्स या दोन्हींवर एकमेकांना काटकोनात ध्रुवण-फिल्टर (चमक अडवणाऱ्या पोलरायझिंग काचा) लावावेत.

‘छिद्रे भरा’ या सोयीचा मोह मला सर्वांत धोकादायक वाटतो, कारण वापरताना उडालेला टवका आणि फोटोंअभावी पडलेले भोक यांतला फरक सॉफ्टवेअरला कळत नाही. भरलेली जागा नोंदवहीत लिहावी आणि मूळ रॉ (कॅमेऱ्यातून आलेले, प्रक्रिया न केलेले) फोटो कधीही पुसू नयेत.

ओबीजे आणि एसटीएल या त्रिमितीय मॉडेलच्या फाइलमध्ये मापाचे एकक साठवलेले नसते, त्यामुळे सहा सेंटिमीटरचे पाते दुसऱ्या संगणकावर सहा मीटरचे होऊन उघडू शकते. फोटोत मोजपट्टी ठेवावी, एकक नोंदवावे आणि कॅलिपरने (जबड्यांत वस्तू धरून मोजणाऱ्या उपकरणाने) मोजलेली पात्याची लांबी मॉडेलवरील लांबीशी ताडून पाहावी.