उद्योगासाठी राज्याची करसवलत हवी? नाशिकच्या आमदारांकडे मागणी अशी मांडा

निवेदन दिले, फोटो काढला, बातमी छापून आली. सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींच्या अनेक मागण्या इथेच थांबतात, कारण मागितलेली गोष्ट बऱ्याचदा आमदारांच्या हातातच नसते. सवलतीचा आदेश निघतो तो उद्योग विभागाच्या शासन निर्णयाने, आणि तोही वित्त विभागाने होकार दिल्यावर. आमदार सरकारला सभागृहात उत्तर द्यायला लावू शकतात. मागणी त्या हिशेबाने बांधायला हवी.

आधी कर कुणाचा ते पाहा

१ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि त्याचे दर केंद्र आणि राज्यांच्या मिळून असलेल्या जीएसटी परिषदेच्या शिफारशीने ठरू लागले. म्हणून ‘आमच्या मालावरचा जीएसटी कमी करा’ असे पत्र आमदारांना देऊन काही साधत नाही. राज्य फार तर आपल्या वाट्याच्या जीएसटीवर आधारित अनुदान देऊ शकते. विद्युत शुल्क आणि मुद्रांक शुल्क मात्र राज्याच्याच अखत्यारीत आहेत.

मद्य जीएसटीबाहेर आहे, म्हणून वाइनला राज्याकडून थेट दिलासा देता आला. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर विंचूरला वाइन पार्क उभा राहिला. पुढे वाइनवरच्या २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के परत देण्याची योजना आली. द्राक्ष बागायतदाराच्या मालाला आणखी एक गिऱ्हाईक मिळते, हा मुद्दा त्या मागणीच्या पाठीशी होता. तुमच्या सवलतीतून कारखान्याबाहेर कुणाचे भले होणार, हे तुम्हालाही सांगता आले पाहिजे.

शासन निर्णय स्वतः वाचा

उद्योगांना सवलती देणारी राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून वेगवेगळ्या रूपांत चालू आहे. तिच्यात औद्योगिक विकासानुसार तालुक्यांचे अ, ब, क, ड, ड+ असे वर्ग असतात आणि सवलत किती, किती वर्षे, हे बरेचसे त्यावर ठरते. चालू निर्णयाच्या परिशिष्टात आपल्या तालुक्याचा वर्ग शोधा. मग स्वतःला विचारा: नवी सवलत हवी आहे, तालुक्याचा वर्ग बदलून हवा आहे, की मंजूर झालेले अनुदान अडकले आहे? तिसरी मागणी सर्वांत आधी लावून धरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिला नवे धोरण लागत नाही, फक्त निधीची तरतूद लागते. हा विषय आधी जिल्हाधिकाऱ्यांच्या ‘झूम’ म्हणजे जिल्हा उद्योग मित्र समितीच्या बैठकीत मांडा. निर्णय तिथे होणार नाही, पण इतिवृत्तात नोंद झाली की पुढच्या पत्राला आधार मिळतो.

एक पान, त्याहून जास्त नको

कामगार किती, त्यांतले स्थानिक किती, वर्षाला राज्य जीएसटी किती भरला, वीजबिल किती, विस्तारात किती गुंतवणूक करणार आणि सवलतीपायी तिजोरीवर किती भार पडेल, एवढे त्यात हवे. शेवटचा आकडा बहुतेक जण टाळतात. वित्त विभाग पहिल्यांदा तोच विचारतो, तेव्हा तो तुम्हीच द्या. ‘नाहीतर गुजरातला जाऊ’ ही धमकी नको. वापी जवळ आहे हे मंत्रालयाला ठाऊक आहे. त्याऐवजी तिथला आणि इथला खर्च शेजारी-शेजारी लिहा.

प्रश्नाचा मसुदा तयारच न्या

सगळ्यांत जास्त मेहनत इथे घ्या. विधिमंडळातल्या प्रश्नाची ठरलेली भाषा आहे: ‘सन्माननीय उद्योगमंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’. त्याखाली क्रमांक घालून मुद्दे येतात, उदाहरणार्थ:

(१) सिन्नर तालुक्यातील लघुउद्योगांचे मंजूर प्रोत्साहन अनुदान प्रलंबित आहे, हे खरे आहे काय;

(२) असल्यास, प्रलंबित रक्कम किती व विलंबाची कारणे काय आहेत;

(३) ती कधीपर्यंत अदा करण्यात येणार आहे?

पहिला मुद्दा ढिला ठेवला तर ‘हे खरे नाही’ असे उत्तर येते आणि पुढच्या मुद्द्यांना ‘प्रश्न उद्भवत नाही’. म्हणून त्यात कागदाने सिद्ध होईल तेवढेच लिहा आणि मंजुरीपत्रांच्या प्रती सोबत जोडा. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात तो, बराच आधी द्यावा लागतो. अधिवेशन तोंडावर आले असेल तर लक्षवेधी सूचनेसाठी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणाऱ्या सूचनेसाठी, आग्रह धरा.

कुणाकडे, कधी

जिल्ह्यात विधानसभेचे १५ मतदारसंघ आहेत. तुमच्या आमदारांबरोबर दुसऱ्या पक्षाच्या एका तरी आमदाराला तोच कागद द्या. विधान परिषदेतले पदवीधर आणि स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघांचे सदस्य बहुतेकांच्या लक्षातच राहत नाहीत, त्यांनाही भेटा. एकट्याने जाण्यापेक्षा निमा किंवा आयमासारख्या उद्योजकांच्या संघटनेच्या लेटरहेडवर जा. अर्थसंकल्पात तरतूद हवी असेल तर मार्च उजाडायची वाट पाहू नका. दिवाळीनंतर, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाआधीच भेटा, कारण अंदाजपत्रकाची जुळवाजुळव तेव्हाच चालू असते.

पाकीट, भेटवस्तू, ‘निवडणुकीला बघून घेऊ’ असले बोलणे अजिबात नको. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही थेट गुन्हा आहे. शिवाय अशा वाटेने मिळालेली सवलत शेजारच्या छोट्या उद्योजकाच्या वाट्याला येत नाही.

पाठपुरावा

प्रत्येक पत्राची शिक्क्यासह पोहोच घ्या. मंत्र्यांनी ‘तपासून सादर करावे’ असा शेरा मारला म्हणजे काम झाले असे नाही. ते पत्र मंत्रालयातल्या कोणत्या कार्यासनाकडे (विभागातल्या टेबलाकडे) गेले ते आमदारांच्या पीएकडून काढून घ्या आणि तिथल्या कक्ष अधिकाऱ्याशी बोला. मंत्र्यांनी सभागृहात ‘करू’ म्हटले असेल तर कार्यवाहीच्या अहवालातला तो उतारा जपून ठेवा. अशी आश्वासने पाळली का, हे विधिमंडळाची आश्वासन समिती तपासते. काही महिन्यांत हालचाल दिसली नाही, तर तो उतारा जोडून आमदारांना समितीकडे पत्र द्यायला सांगा.