लीकची दांडी पांढरी कशी झाली : माझा अनुभव

नागपूरजवळच्या आमच्या काळ्या जमिनीत पहिल्या वर्षी लीकची (कांद्याच्या कुळातली, लांब दांडीची भाजी) लावण मी कांद्यासारखी वरवर केली आणि पांढरी दांडी जेमतेम चार बोटे भरली, कारण मातीने झाकलेला भागच पांढरा राहतो. हॉटेलवाल्यांना हवी असते ती नेमकी दांडीच. घाईने ओल्या मातीची भर दिली, तेव्हा चिखल पानांच्या बेचक्यात शिरला आणि कापल्यावर आतून काळ्या रेघा निघाल्या. पुढच्या हंगामात सप्टेंबरअखेर गादीवाफ्यावर रोपे तयार केली, ती पेन्सिलीएवढी जाड झाल्यावर पहारीने 15 सेंटिमीटर खोल भोके पाडून प्रत्येकात एकेक रोप सोडले आणि माती न लोटता फक्त पाणी दिले (शेजाऱ्यांना ती उंदरांची बिळे वाटली). पुढे वाफसा आल्यावरच (माती ना चिखल, ना कोरडी असताना), बेचक्याच्या खालपर्यंत, दोनदा भर दिली. फेब्रुवारीत दांडी वीतभर पांढरी आणि आतून स्वच्छ निघाली.