एका माणसाची चार कार्डं: छळछावणीतल्या कैद्यांच्या आणि विस्थापितांच्या नोंदी कशा जुळवाव्यात

नाझींनी छळलेल्या आणि दुसऱ्या महायुद्धात बेघर झालेल्या सुमारे पावणेदोन कोटी माणसांच्या नोंदी जर्मनीतल्या बाड आरोल्सन या छोट्या गावात जपल्या आहेत. ‘आरोल्सन आर्काइव्ह्ज’च्या संकेतस्थळावर त्यांतल्या बऱ्याचशा घरबसल्या, विनामूल्य पाहता येतात. कोड्यात पडायला होतं ते पुढे. एकाच माणसाची तीन-चार कार्डं सापडतात आणि नाव वेगळं, जन्मतारीख वेगळी, कधीकधी देशही वेगळा. ‘हा तो नव्हे’ म्हणून घाईने एकही कार्ड बाजूला टाकू नका.

सुरुवात नावापासून करा, पण ते आधी देवनागरीत लिहा. आपली लिपी इथे फार कामाला येते. समजा आडनाव ‘शुल्मान’ आहे. त्यातला ‘श’ जर्मन कारकून एस-सी-एच असा लिहिणार, पोलिश एस-झेड, इंग्रज एस-एच आणि हंगेरियन नुसता एस. ‘व’साठी जर्मन आणि पोलिश भाषेत डब्ल्यू येतो. उच्चार एक धरून ही सगळी रूपं शोधून पाहा.

मग कार्ड कशासाठी भरलं होतं ते शीर्षकावरून ओळखा. ‘हेफ्टलिंग्स-पर्सनाल-कार्टे’ म्हणजे कैद्याची वैयक्तिक माहिती: जन्म, नातेवाईक, अटक, उंची, चेहऱ्याची ठेवण. ‘एफेक्टेनकार्टे’ म्हणजे त्याच्याकडून काढून घेतलेल्या सामानाची यादी. टोपी, कोट, शर्ट, बूट, घड्याळ हे शब्द आधीच छापलेले, आणि त्यांच्याजवळ हाताने लिहिलेले आकडे. अशा कार्डावर पुष्कळदा कैद्याची सही सापडते. तिथे जरा थांबा. बाकीचा मजकूर कारकुनाने ऐकून लिहिलेला असतो. सही त्या माणसाच्या हातची. नावाचं स्पेलिंग ठरवताना मी आधी तिच्यावर विश्वास ठेवीन.

कैदी क्रमांक एकटा टिपू नका, छावणीचं नाव आणि तारीख सोबत हवीच. छावणी बदलली की क्रमांक बदलायचा, आणि बुखेनवाल्डमध्ये तर एकाचा क्रमांक पुढे दुसऱ्याला दिला जाई.

युद्धानंतरचं डीपी-2 कार्ड (डीपी म्हणजे ‘डिस्प्लेस्ड पर्सन’, विस्थापित) दोस्त राष्ट्रांच्या यंत्रणेचं. त्यावर वडिलांचं नाव, आईचं माहेरचं नाव, धंदा, येणाऱ्या भाषा आणि ‘कुठे जायचं आहे’ असे रकाने आहेत. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात मात्र त्या माणसाने जे सांगितलं तेच असतं, आणि ते सांगताना जीव मुठीत असायचा. फेब्रुवारी 1945 मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघात झालेल्या याल्टा करारानंतर सोव्हिएत नागरिकांना सक्तीने मायदेशी पाठवलं जात होतं. त्या धाकाने अनेक युक्रेनियन लोकांनी स्वतःला पोलिश म्हणवलं, जन्मगावही बदलून सांगितलं. म्हणून देश जुळला नाही तरी आईवडिलांची नावं ताडून पाहा.

तारखांचंही तसंच. जर्मन पद्धतीत दिवस आधी, अमेरिकन पद्धतीत महिना आधी, त्यामुळे 3 डिसेंबरचा 12 मार्च होऊ शकतो. वर्षच वेगळं असेल तर छावणी कोणती ते पाहा. आउशविट्झमध्ये कामाला धडधाकट ठरावं म्हणून किशोरवयीन मुलं वय वाढवून सांगत.

शेवटी कागदावर प्रत्येक कार्डाला एक ओळ द्या: नाव जसं लिहिलंय तसं, तारीख, ठिकाण, क्रमांक. स्पेलिंग दुरुस्त करायचा मोह टाळा. तरीही गाठ सुटली नाही, तर आर्काइव्ह्जकडे कुटुंबीयांसाठी विनामूल्य चौकशी अर्ज आहे. त्यात नावाची सापडलेली सगळी रूपं लिहा.