आखाडाचे बोकड: काटा, वही आणि गाडीची वेळ

आखाड लागला की खान्देशात मटणाची मागणी चढते आणि श्रावण लागताच धपकन खाली येते. मधल्या तीन-चार आठवड्यांत बोकड वजनाला आला नाही, तर श्रावणभर त्याला चारत बसा, नाहीतर पडेल भावात सोडा. म्हणून तयारी मे महिन्यातच धरावी.

आधी वजन. आपल्याकडे अजून पाठीवर हात फिरवून उक्ता सौदा होतो. व्यापाऱ्याचा हात काट्यासारखा चालतो, आपला चालत नाही. चौघांनी मिळून एक लटकता काटा घेतला तरी पुरतो. तोवर शिंप्याची टेप वापरा. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून शेपटीजवळच्या मागच्या हाडापर्यंतची लांबी, दोन्ही इंचांत मोजा. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा आणि ६६० ने भागा. घेर २६, लांबी २४ असेल तर बोकड साधारण साडेचोवीस किलोचा. त्यातून मटण ४५ ते ५० टक्के, म्हणजे अकरा-बारा किलो. खाटकाचा हिशेब इथूनच सुरू होतो, आपलाही इथूनच असावा.

आता वही. कोणत्या बोकडाला कोणत्या तारखेला कोणतं औषध दिलं, ते कानातल्या बिल्ल्याच्या नंबरापुढे लिहा. जंताचं औषध असो की प्रतिजैविकाचं इंजेक्शन, ते दिल्यावर किती दिवस मटण खायचं नाही हे लेबलवर छापलेलं असतं. ते दिवस भरल्याशिवाय जनावर विकू नका, गिऱ्हाईक कितीही घाईत असो. आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष तयार होण्याच्या आजाराची, लस पहिल्या पावसाआधी टोचून घ्या. पहिल्यांदाच देत असाल तर १४ दिवसांनी दुसरा डोस द्यावा लागतो. पाऊस पडला की बांधावर कोवळं गवत फुटतं, जनावर त्यावर तुटून पडतं आणि धडधाकट बोकड या आजाराने रात्रीतून जातो. कोवळ्या ज्वारीपासूनही लांबच ठेवा. तुरीचं भूस, सुबाभूळ आणि वरून मक्याचा भरडा बरा, पण भरडा हळूहळू वाढवा.

खरं नुकसान मात्र गाडीत होतं. एकदा मी सात बोकड दुपारी बाराला पिकअपमध्ये भरून पाठवले. व्यापाऱ्याची घाई होती आणि मीही नाही म्हटलं नाही. उन्हाचा तडाखा, पत्र्याचा तळ, त्यावर लेंड्या-मुताची घसरगुंडी. उतरवताना एकाचा पाय लचकलेला, सगळे धापा टाकत होते. दुसऱ्या दिवशी खाटकाचा निरोप आला: मटण काळपट पडलंय, गिऱ्हाईक हात लावत नाही. तेव्हा वाटलं, हा भाव पाडायचा बहाणा. पण तसं नव्हतं. घाबरलेल्या, दमलेल्या जनावराच्या स्नायूंतली साखर कापण्याआधीच संपते. मग मटणात आम्लता हवी तेवढी तयार होत नाही, ते गडद, चिकट राहतं आणि लवकर खराब होतं. चांगल्या मटणाचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तेवढी आम्लता जास्त) ५.५ ते ५.८ पर्यंत उतरतो, या मटणाचा ६ च्या वरच राहतो.

तेव्हापासून गाडी पहाटेच भरतो. तळाला दोन-तीन इंच भुसाचा थर, वर ताडपत्रीची सावली, बाजू मोकळ्या. आदल्या रात्रीपासून चारा बंद, पाणी मात्र शेवटपर्यंत समोर. मीठ चारून पाणी पाजत वजन फुगवणारे आहेत, पण व्यापारी पहिल्याच दिवशी ओळखतो आणि पुढच्या खेपेला दहा किलो हातचे राखूनच बोलतो. प्रवास सहा तासांपेक्षा जास्त असेल तर पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला लागतो. बोकड आणि शेळ्या एका कप्प्यात कोंबायच्या नाहीत, हेही १९७८ च्या जनावर वाहतुकीच्या नियमांत आहे.

एकट्याचे तीन बोकड असले तर व्यापारी आपल्या सोयीने येतो. गावातल्या पाच-सहा जणांनी मिळून वीस-पंचवीस बोकड एका वजनाचे काढले, म्हणजे वीस ते पंचवीस किलोचे वेगळे आणि त्यावरचे वेगळे, आणि आठ दिवस आधी व्यापाऱ्याला नग, वजन अन् तारीख कळवली, तर गाडी पूर्ण भरते आणि भाड्याचा बोजा वाटला जातो. भाव किलोवर ठरवा, वजन गोठ्यातच करा, दोन्ही बाजूंनी चिठ्ठीवर सही घ्या.

माल गेल्यावर दोन दिवसांनी खाटकाला फोन लावा. कोणत्या बोकडाचं किती मटण पडलं, चरबी कुठे जास्त होती, कातड्यावर काट्यांचे ओरखडे होते का, एवढंच विचारा आणि वहीत त्याच नंबरापुढे लिहा. मला मागच्या वर्षी उत्तर मिळालं की पोटात चरबीच फार, मटण कमी. यंदा शेवटच्या महिन्यातला मका निम्मा केलाय.