अली भारी की टायसन? हेवीवेटची तुलना करायचीच असेल तर अशी करा

बॉक्सिंगच्या हेवीवेटमध्ये, म्हणजे सगळ्यात जड वजनाच्या गटात, सगळ्यात भारी कोण? आमच्या ग्रुपवर दर दोनतीन महिन्यांनी हा वाद पेटतोच. कोणीतरी माइक टायसनची नॉकआउटची क्लिप टाकतो, दुसरा लगेच म्हणतो ब्रिटिश बॉक्सर टायसन फ्युरीसमोर हा टिकला नसता, सहा फूट नऊ इंच माणूस आहे तो, मग तिसरा मुहम्मद अलीचं नाव काढतो आणि रात्री दीडपर्यंत नुसता गोंधळ. मला हे वाद मनापासून आवडतात, पण निम्म्या वेळा एकजण उंचीबद्दल बोलत असतो, दुसरा कौशल्याबद्दल, तिसरा करिश्म्याबद्दल, आणि तिघांनाही वाटतं आपण एकाच विषयावर भांडतोय. म्हणून मी ज्या क्रमाने बघतो तो क्रम सांगतो.

पहिली गोष्ट, नावाबरोबर साल घ्या. "अली" म्हणून चालत नाही, कुठला अली? १९६६ च्या नोव्हेंबरमध्ये ह्यूस्टनला क्लीव्हलंड विल्यम्सला तीन राउंडात संपवणारा अली आणि १९७५ मध्ये मनिलाला जो फ्रेझरबरोबर चौदा राउंड रक्त आटवणारा अली ही दोन वेगळी माणसं आहेत, पहिल्याचे पाय कोणाला सापडत नव्हते आणि दुसरा मार खाऊन जिंकत होता. मधली साडेतीन वर्षं, म्हणजे ऐन पंचविशी ते अठ्ठाविशी, सैन्यात भरती व्हायला नकार दिला म्हणून त्याला रिंगमध्ये उतरूच दिलं नाही, त्यामुळे त्याचा सगळ्यात चांगला काळ टेपवर नाहीच आहे आणि मला याचं अजून वाईट वाटतं. टायसनचंही तेच, १९८८ चा टायसन घ्यायचा की २००२ ला मेम्फिसमध्ये लेनॉक्स लुईसकडून आठव्या राउंडला पडलेला, हे आधी ठरवा नाही तर वाद संपणारच नाही.

दुसरं, नियम कुठले ते ठरवा. मातीतली कुस्ती आणि मॅटवरची कुस्ती एकाच तराजूत तोलत नाही ना आपण, तसंच हे. १९१५ ला हवानात जॅक जॉन्सन आणि जेस विलर्डची फाइट ४५ राउंडची ठरली होती आणि ती २६व्या राउंडला संपली, भर उन्हात. नंतर बराच काळ १५ राउंड होते, आणि १९८२ मध्ये किम डुक-कू हा कोरियन बॉक्सर फाइटनंतर गेला त्यानंतरच्या काही वर्षांत सगळीकडे १२ झाले. ग्लोव्ह्ज पूर्वी छोटे होते, आता हेवीवेटला १० औंसाचे असतात. आणि १९१९ मध्ये डेम्प्सीने विलर्डला पहिल्याच राउंडला सात वेळा पाडलं तेव्हा पडलेल्या माणसापासून लांब कोपऱ्यात जाऊन उभं राहायचा नियमच कडकपणे पाळत नव्हते, विलर्ड उठायच्या आत डेम्प्सी ठोसा तयार ठेवून डोक्यावर उभा. आजचा रेफ्री हे चालूच देणार नाही. जो बॉक्सर १५ राउंडांच्या हिशोबाने दम वाटून घ्यायचा त्याला १२ मध्ये बसवताना हे लक्षात घ्यायला हवं.

आता साइज. इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात, आणि दोन्ही बाजूंनी चुकतात.

नुसते आकडे बघू नका, त्याच्या काळातल्या प्रतिस्पर्ध्यांसमोर तो किती मोठा होता ते आधी बघा. अली ६ फूट ३ इंच, आज मध्यम वाटतो, पण १९६४ मध्ये तो तेव्हाच्या चॅम्पियन सनी लिस्टनपेक्षा उंच होता, फ्रेझर तर सहा फुटांच्या आतच. म्हणजे आपल्या काळात अली मोठ्या माणसासारखा लढला, लांबून जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा मारून, मान मागे घेऊन. तोच अली फ्युरीसमोर उभा केलात तर छोटा होतो आणि मान मागे घ्यायची सवय महागात पडू शकते कारण समोरच्याचा रीच, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर टोकापासून टोकापर्यंतचं अंतर, ८५ इंच आहे. हा प्रश्न खरा आहे, तो टाळू नका.

पण मग लगेच युक्रेनच्या ओलेक्सांडर उसिककडे बघा. उंची ६ फूट ३, रीच ७८ इंच, म्हणजे रेकॉर्डवर अलीचं जे माप तेच. १८ मे २०२४ ला रियाधमध्ये फ्युरी साधारण ११९ किलोचा आणि उसिक १०१ च्या आसपास, आणि उसिक जिंकला. डिसेंबरमध्ये फ्युरी आणखी वजन वाढवून आला, १२७ किलो, तरी परत हरला. त्यामुळे "आजचे सगळे राक्षस आहेत, जुने लोक चिरडले जातील" हे वाक्य मी तरी आता ऐकून घेत नाही. त्याआधी २००९ मध्ये डेव्हिड हेने सात फुटी व्हॅल्युएव्हला पॉइंटवर हरवलं होतं, वजनात जवळजवळ ४५ किलोचा फरक असताना. आणि १९३५ ला जो लुईसने धिप्पाड कार्नेराला सहाव्या राउंडला झोपवलं. नुसता मोठा असून भागत नाही, हे तिन्ही वेळा दिसलं.

तरी एक खालची रेषा आहे असं मला वाटतं, आणि हे सांगताना मला त्रास होतो कारण मार्सियानो माझा अत्यंत आवडता. ४९ पैकी ४९ जिंकलेला माणूस. पण उंची ५ फूट १० आणि वजन ८३-८४ किलो, रीच ६८ इंच. आज तो क्रुझरवेट, म्हणजे हेवीवेटच्या खालच्या गटात असता, तिथली मर्यादा २०० पाउंड म्हणजे जवळजवळ ९१ किलो आहे, आणि त्याच्या काळात हा वर्गच नव्हता. मोठा आणि शिकलेला माणूस समोर असेल, म्हणजे लेनॉक्स लुईस किंवा व्लादिमीर क्लिच्को, तर तो नुसता ठोसे मारत नाही, तो जवळ आलात की मिठी मारून अंगावर रेलतो, शंभरसव्वाशे किलो मानेवर घेऊन बारा राउंड काढायचे म्हणजे पाय जातात. दोघांनाही इमॅन्युएल स्टुअर्डने शिकवलं होतं आणि दोघांच्या फाइटमध्ये हे रेलणं मुद्दाम मोजून बघा. टायसनची उंचीही ५ फूट १०च होती पण तो १०० किलोचा होता आणि मान कशी होती ते तुम्ही पाहिलंच आहे, त्यामुळे त्याला मी या रेषेच्या वर धरतो.

कौशल्य कसं बघायचं? आवाज बंद करून बघा. कॉमेंट्री आणि प्रेक्षकांचा आरडाओरडा डोळ्यांना फसवतो. आणि मूकपटांच्या काळातली फिल्म असेल तर स्पीड पाऊण करा, ती हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्यावर घेतलेली असते आणि आज फास्ट चालते म्हणून ते लोक तुरुतुरु पळताना दिसतात आणि आपल्याला वाटतं यांना काही येत नव्हतं. स्पीड कमी केलात की जॉन्सन समोरच्याचे हात हवेतच कसे पकडतो, दाबतो ते दिसायला लागतं.

मग हातांकडे नाही, पायांकडे बघा. उसिक लेफ्टी आहे. त्याचा पुढचा उजवा पाय फ्युरीच्या पुढच्या डाव्या पायाच्या बाहेर पडतोय का एवढंच बघत बसा. बाहेर पडला की डावा हात सरळ मध्यातून जातो. पहिल्या फाइटच्या नवव्या राउंडला डाव्या हाताचा एक लागला आणि फ्युरी रिंगभर भेलकांडत दोरांवर गेला, रेफ्रीने काउंट दिला, म्हणजे पडला असं धरून आकडे मोजले, तो राउंड मी पंधरावीस वेळा तरी पाहिला असेल.

दुसरी खूण म्हणजे माणूस शिकतो का. १९३६ मध्ये श्मेलिंगने जो लुईसला १२व्या राउंडला नॉकआउट केलं कारण त्याच्या लक्षात आलं होतं की जॅब मारून झाला की लुईसचा डावा हात खाली येतो, त्या फटीतून त्याचा उजवा रात्रभर जात राहिला. १९३८ ला परत तेच दोघे, यँकी स्टेडियम, आणि लुईसने फट शोधायला वेळच दिला नाही, २ मिनिटं ४ सेकंदांत संपलं. दोन्ही फाइट पाठोपाठ बघा, पहिली आधी. माझ्या मते तुलनेत हाच मुद्दा सगळ्यात जड आहे, कारण दुसऱ्या काळात नेऊन सोडलं तर माणूस तिथलं शिकेल की नाही याचा अंदाज इथूनच येतो.

तिसरी खूण, मार लागल्यावर आणि मागे पडल्यावर काय करतो. १९५२ ला वॉलकॉटने मार्सियानोला पहिल्याच राउंडला पाडलं, १२ राउंडांनंतर तिन्ही जजच्या कार्डावर वॉलकॉट पुढे, आणि १३व्याला वॉलकॉट दोराकडे सरकला तेव्हा मार्सियानोचा आखूड उजवा बसला, वॉलकॉट दोराला एक हात अडकून हळूहळू खाली बसला. साइजमध्ये मी मार्सियानोचे मार्क कापले, इथे पूर्ण देतो.

राहिला करिश्मा. लोक म्हणतात तो मोजता येत नाही, मला ते पटत नाही. टीव्हीवरचं बोलणं, गाणी, कपडे सोडून द्या. एकच प्रश्न विचारा, त्याच्यामुळे समोरचा बॉक्सर बदलला का? १९६४ ला लिस्टनसमोर फाइटआधी वजन करायच्या वेळी अलीने एवढा धिंगाणा घातला की डॉक्टरांनी मोजली तर नाडी १२० च्या आसपास, सगळ्यांना वाटलं पोरगा घाबरून वेडा झालाय, आणि संध्याकाळी तोच पोरगा थंड डोक्याने लढला. टायसन रोब नाही, मोजे नाहीत, नुसत्या काळ्या चड्डीवर यायचा आणि १९८८ मध्ये मायकल स्पिंक्सचा चेहरा घंटा वाजायच्या आधी बघा, ९१ सेकंदांत खेळ संपला. हा करिश्मा ठोशाइतकाच खरा आहे आणि त्याला मार्क द्यायलाच हवेत.

पण त्याच्यावर न भुलणारा कोणी भेटला तर काय होतं तेही बघा. १९९० ला टोकियोत बस्टर डग्लस आला तेव्हा त्याची आई जाऊन महिनाही झाला नव्हता, त्याला टायसनची भीती उरलीच नव्हती. आठव्याला पडला, उठला, दहाव्याला टायसन गुडघ्यांवर बसून तोंडातून पडलेलं माउथपीस चाचपत होता. अलीचं तसं नाही, १९७४ ला किन्शासात तेव्हाचा चॅम्पियन जॉर्ज फोरमन त्याला अजिबात घाबरत नव्हता, तरी अली दोराला टेकून मार खात खात त्याच्याशी बोलत राहिला आणि आठव्या राउंडला त्याला पाडलं. म्हणून करिश्म्यात मी अलीला टायसनच्या वर ठेवतो.

आणि लॅरी होम्सला विसरू नका. पहिल्या ४८ फाइट सलग जिंकल्या, जॅब माझ्या मते हेवीवेटमधला सगळ्यात उत्तम, पण अलीच्या लगेच नंतर आला म्हणून लोकांनी त्याला जीव लावलाच नाही. करिश्म्याचे मार्क कौशल्याच्या रकान्यात घुसले की पहिला बळी होम्सचा जातो. म्हणून तिन्ही रकाने वेगळे ठेवा, आणि पुढच्या वेळी ग्रुपवर कोणी लिस्ट टाकली तर होम्स कितव्या नंबरवर आहे ते आधी बघा.