निन्टेंडोच्या जुन्या डब्यात खो-खो

नव्वदच्या दशकात आपल्याकडे ‘व्हिडिओ गेम’ म्हणून जो डबा टीव्हीला जोडला जायचा, तो बहुतेक वेळा निन्टेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल असायचा. मूळ यंत्र जपानमध्ये १९८३ साली आलं. आत ६५०२ जातीचा, १.७९ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि २ किलोबाइट रॅम. सगळ्यात साध्या कॅसेटमध्ये प्रोग्रामला ३२ किलोबाइट आणि चित्रांना ८ किलोबाइट जागा मिळते. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ एवढ्याच जागेत बसवलेला आहे.

अशा यंत्रासाठी पहिला गेम करायचा, तर ज्याचे नियमच यंत्राच्या मापात बसतात असा खेळ निवडा. माझ्या मते खो-खोइतका चपखल खेळ दुसरा नाही. का, ते सांगतो.

हे यंत्र हलणारी चित्रं, म्हणजे स्प्राइट, एकूण ६४ दाखवतं. पण एका आडव्या ओळीत फक्त ८. नववा स्प्राइट त्या ओळीत दिसतच नाही. एक स्प्राइट ८ पिक्सेल रुंद, आणि ओळखू येईल असा गडी काढायला १६ पिक्सेल लागतात, म्हणजे एका गड्याला ओळीत दोन स्प्राइट. खो-खोत मधल्या पाटीवर आठ जण एका रांगेत बसलेले असतात. त्यांनाच सोळा स्प्राइट लागतील. म्हणून बसलेले गडी स्प्राइट करायचेच नाहीत, ते बॅकग्राउंडच्या टाइलमध्ये, म्हणजे मागच्या स्थिर चित्राच्या ८ बाय ८ पिक्सेलच्या तुकड्यांत काढायचे. मैदानात मग हलणारे उरतात चार: पाठलाग करणारा एक आणि पळणारे तीन. चार दुणे आठ. चौघं एका रेषेत आले तरी मर्यादा पाळली जाते.

यापुढची गोष्ट मला फार आवडते. खो मिळालेला गडी उठतो, देणारा त्याच्याच जागी बसतो. शेजारच्या दोघांची तोंडं एका दिशेला असता कामा नयेत, म्हणून बसणाऱ्याचं तोंडही आधीच्या गड्यासारखंच. म्हणजे पडद्यावरची रांग पूर्ण डावभर जशीच्या तशी राहते! उठण्याबसण्याची हालचाल दाखवायला तेवढ्या चार टाइल क्षणभर बदलायच्या. चित्र रेखाटणारी टीव्हीची शलाका पडदा संपवून खालून वर जाते त्या फटीतच पडद्याची मेमरी बदलता येते. ती फट प्रोसेसरच्या सुमारे २,२७३ सायकलची (ठोक्यांची), त्यातल्या पाचशेच्या वर स्प्राइटची यादी पाठवण्यात जातात. उरलेल्या वेळात चार टाइल आरामात बसतात.

आता कामाला लागा. सीसी६५ हा मोफत संच घ्या, त्यातला असेंब्लर (लिहिलेल्या सूचना प्रोसेसरच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम) वापरा, आणि चालवून बघायला मेसेन हा एम्युलेटर, म्हणजे संगणकावर या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम. कोड लिहिण्याआधी चौकटीच्या वहीत पडदा आखा. रुंदी २५६ पिक्सेल, म्हणजे ३२ टाइल. गड्यांचे बसायचे चौकोन १६ पिक्सेलचे आणि एकापासून दुसरा २४ पिक्सेलवर ठेवा, म्हणजे दोन्ही टोकांना खांब आणि खांबामागून वळायला जागा राहते. अडचण एवढीच, की रंग १६ बाय १६ च्या ठोकळ्याला एकत्र ठरतात आणि २४ चं अंतर त्या ठोकळ्यांशी जुळत नाही. म्हणून मैदान, चुना आणि बसलेले गडी यांना एकच रंगसंच द्या: मागे माती, वर पांढरा, गडद तपकिरी आणि सदऱ्याचा रंग. बॅकग्राउंडच्या टाइल उलट्या करता येत नाहीत, तेव्हा पुढून आणि पाठमोरा अशी दोन्ही चित्रं काढावी लागतील. प्रत्येकी चार टाइल.

पाठलाग करणारा कोणत्या चौकोनापाशी आहे हे काढायला २४ ने भागावं लागेल, आणि या प्रोसेसरला भागाकार येत नाही. २५६ बाइटचा तक्ता करून ठेवा: आडवं स्थान घाला, चौकोनाचा क्रमांक मिळेल. ३२ किलोबाइटमध्ये हा खर्च काहीच नाही. गुणांचा प्रत्येक अंक वेगळ्या बाइटमध्ये ठेवा, कारण मूळ ६५०२ मधली दशमान सोय या चिपमध्ये बंद आहे.

स्प्राइटच्या यादीत पाठलाग करणारा सर्वात आधी लिहा, मग पळणारे, आणि पायाखालची धूळ शेवटी. ओळीत गर्दी झाली की यादीतले शेवटचे गळतात. धूळ गळली तर चालेल.

नियम कोडमध्ये उतरवणं सोपं आहे. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत उलटं बटण दुर्लक्षित करायचं, त्याला एक बिट, म्हणजे हो-नाहीची एक खूण. मधली पाटी ओलांडायची नाही, त्याला दुसरा. पळणारे मात्र रांगेतून नागमोडी जाणार. ते रांगेच्या पलीकडे असताना स्प्राइटचा ‘बॅकग्राउंडच्या मागे’ हा बिट लावा, म्हणजे बसलेल्यांच्या आडून गेल्यासारखे दिसतील. चुन्याच्या रेषाही त्यांच्यावर येतील, म्हणून पाटी सलग रंगवू नका. चौकोनांचे कोपरे पुरेत.

वेग पिक्सेल आणि पिक्सेलचा २५६ वा भाग अशा दोन बाइटमध्ये ठेवा. जपानी आणि अमेरिकी यंत्र सेकंदाला ६० चित्रं दाखवतं, आपल्याकडची पाल या टीव्ही पद्धतीची ५०. ६० ला दीड पिक्सेल (१ आणि १२८) असेल तर ५० ला १.८ (१ आणि २०५) लागेल. वेगांचे दोन तक्ते सुरुवातीलाच करा. डावाचं घड्याळही त्यानुसार मोजा.

मराठी अक्षरांसाठी पूर्ण फॉन्ट करू नका. ‘खो’, ‘बाद’, ‘डाव’, ‘गुण’ एवढे शब्द चित्र म्हणून काढा. शिरोरेखा सगळ्या टाइलमध्ये एकाच ओळीवर ठेवा, नाहीतर शब्द तुटलेला दिसतो.

आणि ‘खो’ खऱ्या आवाजात हवाच. यंत्रात छोटा ध्वनिमुद्रित आवाज वाजवायची सोय आहे. सर्वात वरच्या दर्जाला अर्ध्या सेकंदाला साधारण २ किलोबाइट लागतात. मैदानावर देतात तसा खणखणीत, तुटक खो द्या, लांबवू नका. अमेरिकी-जपानी यंत्रात हा आवाज वाजताना कंट्रोलरचं वाचन कधीकधी बिघडतं आणि न दाबलेलं बटण दाबल्यासारखं येतं. त्यासाठी बटणं दोनदा वाचा, दोन्ही वाचनं जुळेपर्यंत परत वाचा. या खेळात चुकीच्या क्षणी दिशा पकडली गेली तर अख्खा डाव जातो, म्हणून हे तपासल्याशिवाय गेम कुणाच्या हातात देऊ नका.