ऑक्युपेशनल थेरपी विभाग चालवताना या चुका टाळा

ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे आजारानंतर किंवा इजेनंतर रोजची कामे पुन्हा जमावीत यासाठीचे उपचार. हाताची कंडरा शिवलेला पेशंट स्प्लिंटसाठी, म्हणजे हात योग्य स्थितीत धरणाऱ्या आधारासाठी, येतो आणि तो ज्यापासून घडवतात ती थर्मोप्लास्टिकची शीट कपाटात नसते. खापर फुटते ते भांडारावर. पण कोणत्या पेशंटला थांबवून चालणार नाही हे ठरवणारा एक, इंडेंट (मालाची लेखी मागणी) लिहिणारा दुसरा, आणि दोघांची गाठ फक्त मीटिंगमध्ये. बिघाड इथेच असतो. दिशा देणे हे नेतृत्व आणि ती ड्युटी चार्टवर, स्टॉकमध्ये उतरवणे हे व्यवस्थापन, असे आपण सहज बोलतो. छोट्या विभागात ही दोन्ही कामे बहुधा एकाच थेरपिस्टच्या गळ्यात असतात.

किती शीट उरल्या की नवे इंडेंट जायचे, तो आकडा थेरपिस्टने ठरवावा, खरेदीला लागणारे आठवडे धरून. शीट उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. साठ-सत्तर अंशांच्या पाण्यात मऊ होणारी वस्तू ती!

दुसरी चूक म्हणजे नुसती घोषणा. गोव्यात काणकोण किंवा सत्तरीच्या आतल्या गावातून बांबोळीचे सरकारी रुग्णालय गाठायचे तर पेशंटचा दिवस बसमध्येच जातो, म्हणून गृहभेटी सुरू करायचे ठरते. टाळ्याही पडतात. ओपीडीच्या वेळा मात्र तशाच आणि गाडी कोणी मागितलेली नाही. एका तालुक्याच्या भेटी एकाच दिवशी लावा आणि त्या दिवशीची ओपीडी लेखी कमी करा. तेवढे जमत नसेल तर जाहीर करू नका.

सगळ्यात महाग पडते ती डोकी मोजण्याची सवय. रजिस्टरमध्ये पेशंटचा आकडा फुगतो, पण पक्षाघातातून उठलेल्या आजीला यंदा चवथीला (गणेशचतुर्थीला) विळीवर नारळ खवता आला का, नातवाबरोबर गणपतीवर टांगायची फळापानांची माटोळी बांधता आली का, याची नोंद कुठेच नसते. वरून आकडेच मागतात, हे खरे. म्हणून त्यांच्या शेजारी आणखी एक रकाना वाढवा. कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेझर या मोजमापात पेशंट स्वतः आपल्या कामाला आणि समाधानाला 1 ते 10 गुण देतो. दोन किंवा अधिक गुणांची वाढ साधारणपणे अर्थपूर्ण मानतात. असा कागद हातात असला की जादा माणूस मागताना अधिकाऱ्यापुढे बोलायला काहीतरी असते.

सर्वांत कुशल थेरपिस्टला प्रमुख करून त्याचे पेशंट तेवढेच ठेवणे, ही चूक तर सर्रास दिसते. आठवड्यातले काही तास पेशंटविना राखून द्या. माणसे कमी पडतात म्हणून मदतनिसाकडून थेरपी करून घेणेही नको. 2021 च्या केंद्रीय कायद्यानंतर हा व्यवसाय नोंदणीच्या कक्षेत आला आहे.

वेटिंग लिस्ट लांबली तर आधी जुन्या फायली काढा. अनेकांचे उद्दिष्ट कधीच पूर्ण झालेले असते, डिस्चार्ज द्यायचा कोणी हे तेवढे ठरलेले नसते.